राष्ट्राध्यक्षांची सही आणि मोजावींचा डोंगर

नेवाडा राज्य दक्षिणेकडे निमुळतं होत जातं आणि कॅलिफोर्निया व ॲरिझोना यांच्या बेचक्यात संपतं. त्या टोकाशी, लास व्हेगासपासून गाडीने दीडेक तासावर, १,७१९ मीटर उंचीचा एक फिकट ग्रॅनाइटचा डोंगर उभा आहे. नकाशात त्याचं नाव स्पिरिट माउंटन. कोलोरॅडो नदीच्या काठाने राहणारे मोजावी लोक त्याला ‘आवी क्वा आमे’ म्हणतात. मोजावी, हुआलापाय, हवासुपाय, केचान, कोकोपा अशा युमन भाषा बोलणाऱ्या दहा जमातींच्या कथांत माणसाची सुरुवात या डोंगराशी होते. लास व्हेगासहून ग्रँड कॅन्यन बघायला निघालेली मराठी मंडळी हूवर धरण ओलांडून पूर्वेची वाट धरतात, त्यामुळे हा डोंगर सहसा त्यांच्या नजरेस पडत नाही. पडला तरी त्यात ‘बघण्यासारखं’ असं फारसं नाही. आजूबाजूला करडी माती, काटेरी चोया निवडुंग आणि वेडेवाकडे हात पसरलेली जोशुआची झाडं.

२१ मार्च २०२३ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी हा डोंगर आणि त्याच्या पश्चिमेकडचा मुलूख मिळून ५,०६,८१४ एकर जमीन ‘राष्ट्रीय स्मारक’ म्हणून घोषित केली. म्हणजे सुमारे २,०५० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याच्या तिपटीहून जास्त. इथे पुतळा किंवा चौथरा उभारायचा नव्हता. राष्ट्रीय स्मारक हा सरकारी जमिनीला मिळणारा एक कायदेशीर दर्जा आहे. त्यासाठी संसदेत मतदान झालं नाही, भूसंपादन झालं नाही, कुणाला भरपाई द्यावी लागली नाही. एका घोषणापत्रावर सही झाली आणि काम झालं.

एवढी मोठी गोष्ट एका सहीत कशी होते? याचं उत्तर तेव्हा ११७ वर्षं जुन्या असलेल्या एका कायद्यात आहे आणि तो कायदा मुळात या कामासाठी केलेलाच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात प्राचीन वस्त्यांची लूट जोरात होती. कड्यांच्या कपारींत बांधलेली दगडी घरं, त्यांतली मडकी, विणलेल्या चपला, पुरलेली माणसं. जो येईल तो उकरून नेई. १८९१ मध्ये गुस्ताफ नोर्डेनशॉल्ड नावाच्या तरुण स्वीडिश संशोधकाने मेसा व्हर्डे इथून वस्तूंच्या पेट्या भरून रेल्वेने पाठवायला काढल्या. स्थानिक लोक खवळले, त्याला अटक झाली. पण कोणत्या कायद्याखाली शिक्षा करायची? तसा कायदाच नव्हता. तो सुटला, पेट्याही गेल्या आणि तो संग्रह शेवटी फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचला. त्यातले मानवी अवशेष आणि दफनातल्या वस्तू परत यायला २०२० साल उजाडलं.

ही लूट थांबवण्यासाठी पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्युइट यांनी कायद्याचा मसुदा लिहिला, आयोवाचे खासदार जॉन लेसी यांनी तो संसदेत पुढे नेला आणि ८ जून १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांच्या सहीने ‘अँटिक्विटीज ॲक्ट’, म्हणजे पुरावस्तू कायदा, अस्तित्वात आला. विनापरवाना उकरणाऱ्याला ५०० डॉलरपर्यंत दंड किंवा ९० दिवसांपर्यंत तुरुंगवास. त्याच कायद्यात एक छोटं कलम होतं: सरकारी मालकीच्या जमिनीवरची ऐतिहासिक ठिकाणं आणि ‘ऐतिहासिक किंवा वैज्ञानिक महत्त्वाच्या वस्तू’ राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर करू शकतात. अट एवढीच, की त्या वस्तूंच्या नीट देखभालीला पुरेल तेवढंच, कमीत कमी क्षेत्र राखून ठेवायचं.

आता हा कायदा कुणाच्या नजरेतून लिहिला आहे ते बघा. ज्यांची घरं आणि ज्यांचे पूर्वज उकरले जात होते, त्यांचा त्यात उल्लेख नाही. उत्खननाचा परवाना मिळणार विद्यापीठांना आणि संग्रहालयांना. जिवंत लोकांच्या आजोबा-पणजोबांची हाडं या कायद्याच्या लेखी ‘वस्तू’ होती. रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा उभा सुळका पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला. लाकोटा, शायान, कायोवा अशा अनेक जमातींसाठी ती पवित्र जागा. पण त्यांना विचारावं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

ग्रँड कॅन्यनची गोष्ट याहून बोलकी आहे. जानेवारी १९०८ मध्ये रूझवेल्ट यांनी ती दरी, आठ लाखांहून अधिक एकर जमीन, राष्ट्रीय स्मारक केली. ‘कमीत कमी क्षेत्र’ या शब्दांची ताणण्याची परीक्षा तिथेच पहिल्यांदा झाली. राल्फ कॅमेरॉन नावाचा एक खटपट्या माणूस दरीच्या काठावर खाणीचे दावे ठोकून पर्यटकांकडून पायवाटेचा टोल वसूल करायचा. सरकारने त्याला कोर्टात खेचलं. एवढी अवाढव्य दरी ‘वैज्ञानिक महत्त्वाची वस्तू’ कशी काय असू शकते, असा त्याचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्ये निकाल दिला: असू शकते. या कायद्याखालच्या मोठ्या घोषणांचा आधार आजही तोच निकाल आहे. (कॅमेरॉन पुढे सिनेटर झाला, हेही जाता जाता सांगायला हवं.)

पण दरीत माणसं होती. हवासुपाय लोक उन्हाळ्यात खाली झऱ्याकाठी शेती करायचे आणि हिवाळ्यात वरच्या पठारावर शिकारीला जायचे. सरकारने १८८२ मध्येच त्यांना दरीच्या तळाशी ५१८ एकरांत कोंडलं होतं. आता वरचं पठार आधी स्मारकात आणि १९१९ नंतर राष्ट्रीय उद्यानात गेलं. दरीतल्या ज्या हिरव्या जागेला पर्यटक ‘इंडियन गार्डन’ म्हणत, तिथून शेवटच्या हवासुपाय रहिवाशाला १९२८ मध्ये बाहेर काढण्यात आलं. निसर्ग राखायचा म्हणजे आधी माणूस हटवायचा, हे तेव्हाचं संरक्षण. आपल्याकडच्या अभयारण्यांच्या इतिहासात हे ओळखीचं वाटेल.

मग ज्या कायद्याने हवासुपायांना बाहेर ढकललं, त्याच कायद्याकडे शंभर वर्षांनी जमातींनी स्वतःहून का जावं?

एक कारण जमिनीच्या मालकीत आहे. नेवाडाची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिचा मोठा भाग ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याकडे. या जमिनीवर १८७२ चा खाणकाम कायदा अजून चालतो. सोनं, तांबं, युरेनियम सापडेल अशी आशा असलेला कुणीही खुंट्या रोवून दावा सांगू शकतो आणि काढलेल्या खनिजावर केंद्राला रॉयल्टी द्यावी लागत नाही. त्यात गेल्या वीसेक वर्षांत सौर आणि पवन ऊर्जा कंपन्यांची भर पडली. सपाट, उन्हाची, वाऱ्याची आणि ‘रिकामी’ जमीन त्यांना हवीच होती. आवी क्वा आमेच्या परिसरात पवनचक्क्यांचे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले. त्यातला एक मोठा प्रस्ताव २०१८ मध्ये नाकारला गेला, तर पाठोपाठ दुसरा आला. पर्यावरणवाद्यांची इथे पंचाईत होते, कारण समोर कोळशाची कंपनी नसते, हरित ऊर्जा असते. राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला की त्या जमिनीवर नवे खाणदावे बंद होतात आणि नवे मोठे प्रकल्पही जवळपास अशक्य होतात. आधीचे वैध हक्क मात्र शाबूत राहतात. या ‘मात्र’कडे आपल्याला परत यायचं आहे.

दुसरं कारण कोर्टाचं. पवित्र जागा वाचवायची तर धर्मस्वातंत्र्याचा दावा करावा, असं कुणालाही वाटेल. जमातींनी ते करून बघितलं. उत्तर कॅलिफोर्नियात यूरोक, कारुक आणि टोलोवा लोकांच्या साधनेच्या जागांतून सरकारला रस्ता न्यायचा होता. त्यावरच्या ‘लिंग’ (Lyng) नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवलं, की रस्त्यामुळे त्यांचा धर्म पाळणं जवळपास अशक्य झालं तरी सरकारला स्वतःच्या जमिनीचा वापर करण्यापासून राज्यघटना रोखत नाही. ॲरिझोनातल्या ओक फ्लॅटचंही तसंच. अपाचे मुलींचा वयात येण्याचा विधी जिथे होतो, त्या जागेखाली तांब्याचा प्रचंड साठा आहे. २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या विधेयकात घुसवलेल्या एका तरतुदीने ती जमीन खाण कंपनीशी अदलाबदलीत देण्याचं ठरलं. खाणीच्या पद्धतीमुळे तिथे सुमारे तीन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडेल असा अंदाज आहे. अपाचे सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ मे २०२५ रोजी न्यायालयाने सुनावणीच नाकारली. न्यायमूर्ती नील गोरसच यांनी विरोधी मत नोंदवलं, पण त्याने निर्णय बदलत नाही.

म्हणजे कोर्ट म्हणतं, जमीन सरकारची, सरकार ठरवेल. मग निदान सरकारकडेच जावं, आणि त्यातही जिथे एका माणसाच्या सहीने काम होतं तिथे जावं, हा जमातींचा हिशेब निखळ व्यवहारी आहे.

वाळवंटाला या संरक्षणाची इतकी निकड का, हेही समजून घेतलं पाहिजे. पावसाळी प्रदेशात जखम झाकली जाते. गवत येतं, झुडपं येतात. वाळवंटात ती तशीच राहते. जनरल पॅटन यांनी १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या लढाईसाठी या भागात रणगाड्यांचा सराव केला. त्या रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग आजही जमिनीवर दिसतात. इथली वरची माती सूक्ष्म जिवांच्या पातळ पापुद्र्याने बांधलेली असते. तो मोडला की माती वाऱ्यावर जाते. जोशुआची झाडं फार हळू वाढतात. वाळवंटी कासव आयुष्याचा बहुतेक काळ बिळात काढतं, ते बीळ बुलडोझरखाली गेलं की त्याला दुसरीकडे नेऊन सोडण्याचे प्रयोग फार उत्साहवर्धक नाहीत. आणि माणसाने केलेल्या खुणाही अशाच नाजूक. कोलोरॅडोच्या काठी ब्लाइथजवळ वरचे काळपट खडे बाजूला सारून जमिनीवर काढलेल्या प्रचंड मानवाकृती आणि प्राणी आहेत. बाहेरच्या जगाने त्या १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला विमानातून पाहिल्या. मोजावी आणि केचान लोक त्यातली मानवाकृती निर्मात्या मास्ताम्होची मानतात. त्यांच्यावरून गाड्यांची चाकं फिरली आहेत. कुंपण नंतर आलं.

पण खरी अडचण खुणांची नाहीच. खुणा मोजता येतात, त्यांना कुंपण घालता येतं. दक्षिण पायूट लोकांची ‘मिठाची गाणी’ म्हणून शंभराहून अधिक गाण्यांची एक माळ आहे. माणूस गेल्यावर रात्रभर ती गायली जातात. गाण्यांत एक प्रवास आहे: डोंगर, झरे, मिठाची जागा, नदी, पुन्हा डोंगर, असा शेकडो मैलांचा, चार राज्यांतून फिरणारा. गेलेल्याचा आत्मा त्या वाटेने जातो. आता यात राखायची ‘वस्तू’ कोणती? पंढरपूरचं देऊळ जपलं आणि आळंदीपासूनची वाट, विसाव्याची ठिकाणं आणि नदीचे घाट सगळे विकून टाकले, तर वारी राहिली असं आपण म्हणू का? १९०६ च्या कायद्याला वस्तू आणि तिच्याभोवतीचं कमीत कमी क्षेत्र कळतं. जमाती त्याला सांगू पाहतात, की इथे अख्खा मुलूख हीच ती वस्तू आहे. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतल्या साऱ्या कायदेशीर भांडणाच्या मुळाशी हेच आहे, मग वरकरणी वाद एकरांच्या आकड्यांचा असो.

हा वाद सगळ्यात जोरात पेटला युटामध्ये, बेअर्स इअर्सवरून. अस्वलाच्या कानांसारखे दिसणारे दोन सुळके आणि त्यांच्याभोवती हजारो कपारींतली घरं, धान्याची कोठारं, शिलाचित्रं. होपी, नवाहो, झूनी आणि दोन यूट जमाती, ज्यांचे आपसातले इतिहास नेहमी गोडीगुलाबीचे नव्हते, २०१५ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांनी मिळून राष्ट्राध्यक्षांकडे प्रस्ताव दिला. बराक ओबामा यांनी २८ डिसेंबर २०१६ रोजी १३.५ लाख एकरांचं स्मारक जाहीर केलं. जमातींच्या मागणीतून जन्मलेलं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक. वर्षही उलटलं नाही तोच डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ डिसेंबर २०१७ रोजी त्यातलं सुमारे ८५ टक्के क्षेत्र काढून टाकलं. बायडेन यांनी ८ ऑक्टोबर २०२१ रोजी ते परत जोडलं. तीन राष्ट्राध्यक्ष, तीन सह्या, पाच वर्षांच्या आत.

युटातल्या विरोधकांचं म्हणणं सरसकट उडवून लावण्यासारखं नाही. बिल क्लिंटन यांनी १९९६ मध्ये युटातल्या ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांट स्मारकाची घोषणा केली ती शेजारच्या ॲरिझोनात, ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभं राहून. ज्यांच्या राज्यातली १७ लाख एकर जमीन होती त्यांच्यासमोर जाण्याचं धाडस झालं नाही, ही बोच तिथे अजून आहे. गुरं चारणारे, खाणीत काम करणारे, छोट्या गावांत राहणारे लोक म्हणतात, वॉशिंग्टनमधला माणूस आमच्या परसदाराचं काय करायचं ते ठरवतो. नेवाडाचे राज्यपाल जो लोम्बार्डो यांनीही आवी क्वा आमेवर अशीच टीका केली. मात्र तिथे सर्चलाइट, लॉफलिन आणि बोल्डर सिटी या जवळच्या गावांनी स्मारकाच्या बाजूने ठराव केले होते. ‘स्थानिकांचा विरोध’ हा शब्दप्रयोग वाचताना कोणते स्थानिक, हे विचारलेलं बरं.

या नव्या पर्वात जे खरोखर बदललं, ते कारभारात. २०२१ मध्ये लगूना प्वेब्लो जमातीच्या डेब हालंड अंतर्गत व्यवहार खात्याच्या मंत्री झाल्या. मूळ रहिवाशांपैकी कॅबिनेट मंत्री होणाऱ्या त्या पहिल्याच, आणि जमातींच्या जमिनी ज्या खात्याने दीडशे वर्षं हाताळल्या त्याच खात्याच्या. जून २०२२ मध्ये बेअर्स इअर्सच्या पाच जमाती आणि केंद्राच्या दोन खात्यांनी सहव्यवस्थापनाच्या करारावर सह्या केल्या. कोणत्या वाटा बंद ठेवायच्या, कुठे औषधी झाडपाला आणि जळण गोळा करू द्यायचं, कोणती जागा फलकावर लिहायचीच नाही, यात जमातींचा आयोग बसतो. शेवटचा मुद्दा बाहेरच्यांना विचित्र वाटतो. पण पवित्र जागेचा पत्ता जाहीर झाला की दुसऱ्या आठवड्यात तिथे कॅमेरे आणि कुदळी दोन्ही पोचतात, हा त्यांचा अनुभव आहे.

८ ऑगस्ट २०२३ रोजी बायडेन यांनी ग्रँड कॅन्यनच्या उत्तर आणि दक्षिण बाजूंची ९,१७,६१८ एकर जमीन राखली. नाव हवासुपाय आणि होपी भाषांतलं: ‘बाज न्वाव्यो इता कुक्वेनी’. ज्या पठारावरून हवासुपायांना हटवलं होतं, त्याच पठाराचे भाग त्यात आहेत. हेतू युरेनियमच्या नव्या खाणी रोखण्याचा. कारण भूजल दूषित झालं तर ते हवासू झऱ्यातून थेट त्यांच्या गावात उतरेल, ही त्यांची भीती जुनी आहे. आणि इथे तो ‘मात्र’ परत येतो. पिन्यॉन प्लेन ही खाण स्मारकाच्या हद्दीत आहे, हवासुपायांच्या पवित्र रेड ब्यूट टेकडीपासून जवळ. तिचे हक्क आधीचे, म्हणून घोषणेने तिला हात लागला नाही. स्मारक जाहीर झालं, आणि जेमतेम पाच महिन्यांत त्या खाणीतून खनिज निघायला लागलं.

१४ जानेवारी २०२५ रोजी, पद सोडायच्या सहा दिवस आधी, बायडेन यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातलं ६,२४,००० एकरांचं चकवाला स्मारक जाहीर केलं. काही महिन्यांत त्याला न्यायालयात आव्हान मिळालं. त्याहून मोठा धक्का न्याय खात्याच्या एका मतपत्राने दिला. १९३८ मध्ये महाधिवक्ता होमर कमिंग्ज यांनी मत दिलं होतं, की कायदा राष्ट्राध्यक्षांना स्मारक करण्याचा अधिकार देतो, रद्द करण्याचा देत नाही. जवळजवळ नव्वद वर्षं हे मत प्रमाण मानलं गेलं. २७ मे २०२५ च्या, म्हणजे योगायोगाने ओक फ्लॅटची सुनावणी नाकारली गेली त्याच तारखेच्या, मतपत्राने ते चुकीचं ठरवलं: जो राखू शकतो तो पूर्ण रद्दही करू शकतो. हे न्यायालयाचं नव्हे, सरकारी वकिलांचं मत आहे. पण २०२१ मध्येच सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी समुद्रातल्या एका स्मारकाच्या निमित्ताने ‘कमीत कमी क्षेत्र’ या अटीचं काय झालं, असं सूचकपणे विचारून ठेवलं आहे. कॅमेरॉनचा सवाल शंभर वर्षांनी पुन्हा दारात आला आहे, आणि यावेळी उत्तर तेच मिळेल असं धरून चालता येणार नाही.

सहीपेक्षा पक्का मार्ग आहे, तो संसदेच्या कायद्याचा. हवासुपायांना १९७५ मध्ये कायद्याने १,८५,००० एकर पठार परत मिळालं, ते स्मारक म्हणून नव्हे, त्यांची राखीव भूमी म्हणून. त्याआधीचं उदाहरण न्यू मेक्सिकोतल्या ताओस प्वेब्लोचं. त्यांचं पवित्र ब्लू लेक रूझवेल्ट यांनी राखीव जंगलात टाकलं १९०६ मध्ये, म्हणजे पुरावस्तू कायद्याच्याच वर्षी. ते डिसेंबर १९७० मध्ये संसदेच्या कायद्याने ४८,००० एकरांसह परत मिळालं. त्यावर सही रिचर्ड निक्सन यांची. गंमत म्हणजे पुरावस्तू कायद्याखाली ज्या मोजक्या राष्ट्राध्यक्षांनी एकही स्मारक केलं नाही, त्यांत निक्सन आहेत. ब्लू लेक आता कोणताही राष्ट्राध्यक्ष घोषणापत्राने काढून घेऊ शकत नाही.

आवी क्वा आमेसाठीही हा मार्ग करून पाहिला गेला. खासदार दिना टायटस यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात तसं विधेयक मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही. ताओसच्या लोकांना त्यांच्या कायद्यासाठी ६४ वर्षं थांबावं लागलं. मोजावींना इतकं थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी सही घेतली.